उघडं तांबं

आमच्या गल्लीत पाण्याच्या टाक्या भरून वाहत नाहीत. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. शेजारच्या गल्लीत रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवरून धार रस्त्यावर पडते आणि खालून शिव्या वर जातात. आमच्याकडे टाकी भरत आली की घराघरांत एक बारीक, चिरका आवाज होतो आणि कुणीतरी उठून मोटर बंद करतं. हे गजर सगळ्या गल्लीत एकाच माणसाने बसवले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. बाकी गल्ली त्यांना ‘कलईवाले अंकल’ म्हणायची.

पिपलानीच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी आमच्या शेजारचं घर घेतलं. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणात एकच भिंत, छातीपर्यंत उंच. त्या भिंतीवरूनच आमची बहुतेक बोलणी झाली. मी सरकारी लेखा कार्यालयात आहे हे कळल्यापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘काय हिशेबनीस’ म्हणायचे, आणि मी भिंतीपाशी जायचो.

कल्हई हा शब्द त्यांना चिकटला त्याचं कारण त्यांचे बोर्ड. गजरासाठी, दिव्यांसाठी, पंख्याच्या रेग्युलेटरसाठी लागणारे सर्किट बोर्ड ते घरीच करत. तांब्याचा पत्रा चढवलेल्या पाटीवर मार्करने रेषा काढायच्या, पाटी फेरिक क्लोराइडच्या पिवळ्या-तपकिरी पाण्यात बुडवायची. रेषांखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. इथवर हे काम पुष्कळ हौशी लोक करतात आणि इथेच थांबतात. काका थांबायचे नाहीत. उरलेल्या तांब्याच्या प्रत्येक रेषेवर ते कथलाचा थर चढवायचे.

“तांबं उघडं ठेवू नये,” ते म्हणायचे. “हवा टपूनच बसलेली असते.”

ही कल्हई मी पहिल्यांदा पाहिली ती त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत. शेगडीवर स्टीलचं पातेलं, त्यात पाणी आणि चमचाभर लिंबू सत्त्व, ज्याला इथले किराणावाले टाटरी म्हणतात. पाण्याला उकळी आल्यावर काकांनी तांबूस बोर्ड आत सोडला आणि त्यावर करड्या रंगाचे दोन-चार दाणे टाकले. बिस्मथ, शिसं आणि कथील यांचा तो मिश्रधातू. पाणी शंभर अंशांना उकळतं आणि हा धातू त्याच्या थोडा आधीच वितळतो. सगळी करामत त्या चार-सहा अंशांत आहे. दाणे पाण्याखाली वितळून त्यांचा एक थेंब झाला. काकांनी लाकडी पट्टीला बांधलेल्या सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने तो थेंब बोर्डावरून ओढला आणि लाल रेष डोळ्यांदेखत रुपेरी झाली. मी वाकून बघत होतो.

“आहे ना?” काका म्हणाले. एवढंच. त्यांना कौतुक करून घेता येत नसे.

पातेल्याच्या काठावर लाल रंगाचा पट्टा होता. तो काकूंनी मारलेला. शिशाचं पातेलं स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. काकू मूळच्या अमरावतीच्या. त्यांच्या लहानपणी दारात कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, आणि कल्हई झालेलं प्रत्येक भांडं काकूंची आई बोट फिरवून परत तरी करायची किंवा घ्यायची. ती नजर काकूंकडे आली होती. काकांच्या बोर्डांना त्या ‘तुमची भांडी’ म्हणत. “घासून झाली का तुमची भांडी?” असं जिन्याखालून ओरडत. वरून उत्तर येत नसे. मग माझ्या बायकोला म्हणत, “आमच्याकडे नवऱ्याला जेवायला बोलवायचं म्हणजे ट्रंककॉल लावावा लागतो.”

दिवाळीत काका घरोघर जात, पण फराळाला नव्हे. खिशातून भिंग काढून आधी गजराचा डबा उघडायला लावत आणि आतला बोर्ड तपासत. माझी बायको चकल्यांची बशी पुढे करी तर म्हणत, “ठेवा तिकडे, हात तेलकट होतील.” समोरच्या घरातले मास्टरजी एकदा वैतागले.

“अंकलजी, बज रहा है ना? फिर खोलना क्यों?”

“आदमी भी चलता-फिरता रहता है मास्टरजी,” काका स्क्रू फिरवत म्हणाले. “डॉक्टर फिर भी खोलके देखता है.”

त्यांना सगळं जग तपासणीच्या टेबलावर ठेवलेलं दिसे. हबीबगंजच्या एका कार्यालयात आम्ही दोन्ही कुटुंबं लग्नाला गेलो होतो. स्टेशनचं नाव बदलून बराच काळ झाला, पण आम्ही अजून हबीबगंजच म्हणतो. नवरा-नवरी फोटोसाठी उभी होती. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ड्राय सोल्डर आहे. वरून चकचकीत. हलवलं की सुटणार.”

“हळू बोला,” काकूंनी कोपराने ढोसलं. “आणि आपलं काय आहे?”

“आपलं टेस्टिंगमध्ये आहे. अजून पास केलेलं नाही.”

“चाळीस वर्षं?”

“घाई कशाला,” काका म्हणाले, आणि काकू पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.

बोर्ड धुणं हा त्यांच्या कामातला सर्वांत लांबचा भाग. टाटरीच्या पाण्याचा अंश राहिला तर तोच पुढे धातूला खातो, म्हणून कल्हई झालेला बोर्ड ते मागच्या अंगणात नळाच्या धारेखाली धरत. घड्याळ कधीच बघत नसत. पाढा म्हणत. मोठ्याने, खणखणीत, शाळेत म्हणतात तसा. पाटीवरचं तांबं विरघळवायला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, कल्हईला अठराचा, आणि धुवायला एकोणतीसचा, सावकाश. सकाळी मी मागच्या खिडकीत दाढी करत असताना भिंतीपलीकडून ‘एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे’ ऐकू येई. सुरुवातीला मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हणून कुठे चुकतात का ते बघायचो. कधी चुकले नाहीत. शंका आलीच तर बोर्ड न काढता पुन्हा पहिल्यापासून म्हणत.

मग एका हिवाळ्यात काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून आणल्यावर समोरच्या खोलीत लोखंडी खाट टाकली. डावा हात चांगला होता. त्या हातात काकांनी स्टीलचा एक चमचा दिला. काही हवं असेल तर काकू तो खाटेच्या पाइपवर दोनदा वाजवत. टण टण. पुण्याहून आलेली त्यांची मुलगी महिनाभर राहून गेली आणि गेल्यावर तिने आईसाठी एक बिनतारी घंटी कुरिअरने पाठवली. बटण पेशंटच्या उशाशी, घंटी घरात कुठेही ठेवा. काकांनी ती उघडली, भिंगातून पाहिली आणि परत खोक्यात घातली.

“वर हिरवा रंग दिलाय. खाली काय असेल ते देव जाणे. मीच करतो.”

मला हे पटलं नाही. मी घरी बायकोला म्हणालो की माणसाने हौस कुठे करावी याला काही मर्यादा आहे. ती म्हणाली, “काकूंनीच ते खोकं हाताने ढकललं. मी होते तिथे.”

काकांनी गच्चीवरची खोली खाली आणली. शेगडी, पातेलं, बाटल्या, सगळं काकूंच्या खोलीत, खाटेपासून दोन हातांवर. काकू उशांना टेकून बघत असायच्या. काकांनी चार बटणांचा बोर्ड आखला होता. पाणी, कूस, औषध, आणि चौथं नुसतं ‘या’. प्रत्येकाचा दिवा वेगळा, घंटेचा सूर वेगळा. पहिला बोर्ड आठवड्यात झाला. रुपेरी, सरळ, मला तरी त्यात काही खोट दिसली नाही. काकांनी तो काकूंपुढे धरला. त्यांनी डाव्या हाताचं बोट हळूहळू फिरवलं आणि एका रेषेवर थांबवलं.

“इथे?” काकांनी भिंग लावलं. “हं. पातळ बसलीय.”

तो बोर्ड गेला. दुसरा झाला. काकूंचं बोट दुसऱ्याच कोपऱ्यात थांबलं. तिसरा. मी संध्याकाळी ऑफिसातून आलो की जाऊन बसायचो, तेव्हा हे माझ्यासमोरही घडलं. एकदा मी भिंग मागून घेतलं आणि काकूंनी दाखवलेली जागा नीट पाहिली. अंगणात आलो तेव्हा काकांना म्हणालो, “काका, तिथे काहीही नाही.”

“तिला दिसतं ना?” ते म्हणाले. “मग आहे.”

घरी मी हे सांगितल्यावर माझी बायको पोळ्या लाटायची थांबली. “तुम्हाला खरंच कळत नाही?” ती म्हणाली. “घंटी झाली की ते परत गच्चीवर जाणार. चमचा आहे तोवर खोलीत आहेत. सगळा संसार बाईने जिन्याखालून हाका मारण्यात घालवला.”

मी दुसऱ्या दिवशी काकूंकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. काका पातेल्यावर वाकून अठराचा पाढा म्हणत होते आणि काकू त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. तोंडाची डावी बाजू किंचित वर गेलेली. आता त्या तेवढ्याच बाजूने हसू शकत होत्या.

तरीही मला एका गोष्टीची काळजी वाटत होती, आणि ती मी बोलून दाखवली. काका बोर्ड धुवायला अंगणात जात. तेवढा वेळ काकू एकट्या असत. नळ वाहता, पाढा मोठ्याने; चमचा वाजला तरी ऐकू कसा येणार? मी भिंतीपाशी त्यांना गाठलं.

“काका, एक विचारू? कल्हई न करता, उघडं तांबं तसंच ठेवून बोर्ड बसवला, तर किती टिकेल?”

“बंद डब्यात?” त्यांनी मान तिरपी केली. प्रश्न त्यांच्या प्रांतातला होता. “पाच वर्षं. भोपाळच्या हवेत सात.”

“मग आत्ता तसाच बसवून टाका ना. काम तर सुरू होईल.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आलेला मी कधी पाहिला नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला.

“पाच वर्षं पुरतील, हे तुम्ही काय धरून बोलताय, हिशेबनीस?”

मी भिंतीवरचा हात काढून घेतला.

“मी वीस वर्षांचा बोर्ड करतोय,” ते म्हणाले आणि आत गेले.

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. माझ्या बायकोने मात्र जमेल तसं सकाळचं तिथे डोकवायला सुरुवात केली.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी ती डोकवली नव्हती, कारण आमच्याकडे गॅसचा सिलिंडर आला होता आणि ती दारात उभी होती. मी दाढी करत होतो. पलीकडे नळ सुरू होता, पाढा सुरू होता. पाढा संपला. नळ बंद झाला. मग काकांच्या चपला आत गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही. थोड्या वेळाने त्यांनी भिंतीवरून हाक मारली ती माझ्या नावाने.

मी गेलो तेव्हा ते खाटेपाशी उभे होते. ओला बोर्ड हातात तसाच. काकूंचा डावा हात खाटेबाहेर लोंबत होता आणि चमचा खाली फरशीवर पडला होता. हात गरम होता. मी डॉक्टरांना फोन केला, मग मुलीला. ती संध्याकाळच्या विमानाने आली. दुसऱ्या दिवशी सकाळी भदभद्याच्या घाटावर नेलं. काकांनी सगळं सांगितलं तसं केलं, एकदाही चुकले नाहीत. मुलगी त्यांना पुण्याला चला म्हणत होती. त्यांनी नाहीही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही.

तेरावा झाला. मुलगी काकांचं सामान बांधायच्या तयारीसाठी आठवडाभर थांबणार होती. एका सकाळी ती बँकेच्या कामाला बाहेर पडली आणि काकांनी मला भिंतीवरून बोलावलं. “जरा या. बूट घालू नका, ओलं आहे.”

अंगणात ते नळापाशी उभे होते. हातात तोच शेवटचा बोर्ड. रुपेरी, कोरडा, त्यावर एकही सुटा भाग बसवलेला नाही.

“एक तपासणी करायचीय,” ते म्हणाले. “मला एकट्याला करता येत नाही. वाजवणारा एक लागतो आणि ऐकणारा एक.”

मला कळायला वेळ लागला नाही. “काका, कशाला?”

“चमचा खाली पडला होता. तो नुसता हातातून पडला, की वाजवून झाल्यावर पडला, हे मला माहीत नाही.” ते मशीनबद्दल बोलावं तसं बोलत होते. “आवाज इथे येत असेल, तर तिने वाजवलाच नाही, नाहीतर मी ऐकला असता. मी जवळ नसताना गेली, पण शांत गेली. येत नसेल तर…” त्यांनी हात हलवला. “ते बघायचं. वेळ हीच होती. या वेळेला नळाला जोर असतो. बोर्ड धरा धारेखाली, बोर्डावर पाण्याचा आवाज वेगळा होतो. आणि पाढा म्हणा.”

“पाढा?”

“मी म्हणतो तसा. मोठ्याने. तुम्हाला येतो, मला माहितेय. भिंतीपलीकडे तुमचे ओठ हलताना मी पाहिलेत.”

मी नको म्हणालो. ते म्हणाले, “मुलीला सांगितलं तर ती रडेल. मास्टरजी काहीतरी गोड बोलतील. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं.”

ते आत गेले. मी नळ सोडला. धार बोर्डावर आपटून माझ्या पायजम्यावर उडायला लागली. मी सुरुवात केली. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. समोरच्या गच्चीवर मास्टरजींची बायको कपडे वाळत घालत होती, ती हातातली चादर तशीच धरून माझ्याकडे बघू लागली. मी म्हणत राहिलो आणि कान दाराकडे लावले. पाण्याचा आवाज येत होता आणि माझा स्वतःचा. एकोणतीस सक, एकोणतीस सत्ते. मी आवाज थोडा उतरवला, मग वाटलं हे बरोबर नाही, ते असे उतरवत नसत, आणि पुन्हा चढवला. दहापर्यंत गेलो. दारातून काहीही आलं नाही. काका करायचे तसं मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागलो.

दुसऱ्यांदा निम्म्यावर असताना ते दारात येऊन उभे राहिले. हातात चमचा होता.

“आला?”

“आला,” मी म्हणालो.

“स्पष्ट?”

“अगदी स्पष्ट.”

“किती वेळा?”

काकू नेहमी दोनदा वाजवायच्या. “दोनदा,” मी म्हणालो.

काका पायऱ्या उतरून आले. त्यांनी नळ बंद केला आणि तो थेंबही गळत नाही ना हे बघत क्षणभर थांबले. मग माझ्या हातातून बोर्ड घेतला आणि शर्टाच्या टोकाने एकेक रेष पुसायला लागले. समोरच्या गच्चीवरची चादर दोरीवर पडली, चिमटे लागले.

“हात भरून येईपर्यंत वाजवत होतो,” ते म्हणाले.

मी खाली फरशीकडे बघत होतो. बाहेर गल्लीत रिक्षा थांबल्याचा आवाज आला. फाटकाची कडी वाजली. मुलगी परत आली होती.

काकांनी चमचा पटकन खिशात घातला आणि माझ्या अगदी जवळ आले.

“तिला काही बोलू नका,” ते हळूच म्हणाले. “तिला मी सांगितलंय, अंगणात सगळं ऐकू येतं म्हणून.”